शिशाची बाधा आणि पिलांचे वर्तन

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत शरीरात गेलेल्या शिशाने पिल्लू मरेलच असे नाही. बऱ्याचदा ते बाहेरून धडधाकट दिसते, पण चालणे, तोल सांभाळणे, अन्न मागणे, ओळखणे आणि शिकणे यांत मागे पडते. घरट्यात एवढेही जिवावर बेतू शकते. म्हणून शिशाची बाधा केवळ मृत्यूच्या आकड्यांवरून मोजणे अपुरे ठरते.

पक्ष्यांमध्ये याचा बारकाईने अभ्यास झाला तो हेरिंग कुरव या समुद्रपक्ष्यावर. संशोधक जोआना बर्गर आणि मायकेल गॉचफेल्ड यांनी अमेरिकेत प्रयोगशाळेत आणि पक्ष्यांच्या घरट्यांच्या वसाहतींतही ही पिले तपासली. पिलाच्या दर किलो वजनामागे १०० मिलिग्रॅम या प्रमाणात शिशाचा क्षार टोचला जाई. मात्रा मोठी वाटते; पण तिने पिसांत उतरणारे शिसे रानातल्या काही पक्ष्यांच्या पिसांत सापडणाऱ्या शिशाइतकेच असते. (वाढत्या पिसाला रक्तपुरवठा असतो तोवरच त्यात शिसे साठते, त्यामुळे पक्षी न मारता मोजमाप होते.)

कुरवाचे पिल्लू पालकाच्या खालच्या चोचीवरील लाल ठिपक्यावर टोच मारते, तेव्हा पालक अन्न ओकून देतो. शिसे टोचलेल्या पिलांचा नेम चुकतो, मागणीही मंदावते. ती चालताना पडतात आणि उन्हातून सावलीकडे जायला वेळ लावतात. काचेखाली खोल कडा दिसेल अशा मांडणीवर त्यांना खोलीचा अंदाज नीट येत नाही. आपला पालक आणि परका पक्षी यांतला फरकही त्यांना उशिरा कळतो. दाट वसाहतीत शेजाऱ्याच्या हद्दीत शिरलेले पिल्लू टोचून मारले जाते, म्हणून ही उणीव फार घातक. तीच मात्रा वेगळ्या वयात दिली तर बिघडणारे वर्तनही बदलते, कारण त्या त्या दिवशी मेंदूचा जो भाग घडत असतो तो बाधित होतो.

पॅसिफिकमधील मिडवे बेटावर हेच प्रयोगाविना घडले. जुन्या इमारतींच्या रंगाचे शिसेयुक्त पापुद्रे लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची पिले गिळत. त्यांच्या मज्जातंतूंना इजा होऊन पंख लोंबू लागत. अशी पिले उडू शकत नाहीत.

शिसे कॅल्शियमची नक्कल करते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर पिलात पुरता घट्ट झालेला नसतो, त्यातून ते आत शिरते आणि शिकण्याशी निगडित एनएमडीए ग्राहींचे (मेंदूपेशींवरील संदेश झेलणाऱ्या रेणूंचे) काम अडवते. लहान वयात शोषणही जास्त: प्रौढ माणसाच्या आतड्यात सुमारे १० टक्के, तर लहान मुलांत ४० ते ५० टक्के. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर ते आणखी वाढते.

उंदरांवरील प्रयोगांत चुका सहज होतात. १९७० च्या दशकात आईच्या पाण्यात भरपूर शिसे मिसळून पिले अतिचंचल होतात असे दाखवले गेले. पण त्या पिलांची वाढही खुंटली होती, त्यामुळे दोष शिशाचा की उपासमारीचा हे सांगता येईना. तेव्हापासून अर्धपोटी ठेवलेला, शिसे न दिलेला तुलनागट आवश्यक मानला जातो. एका विणीतली दहा पिले म्हणजे दहा स्वतंत्र नोंदी नव्हेत. हिशोबात संपूर्ण वीण एकच धरावी. मात्रेचा परिणामही सरळ रेषेत जात नाही. ठरावीक वेळानंतरच दांडी दाबल्यावर खाऊ मिळणाऱ्या चाचणीत कमी शिशाने उंदीर उगाच जास्त वेळा दांडी दाबतात. मात्रा फार वाढली की दाबणे उलट घटते.

माकडांतही संशोधक डेबोरा राइस यांनी जन्मापासून रोज किलोमागे ५० किंवा १०० मायक्रोग्रॅम शिसे दिले. रक्तातील पातळी डेसिलिटरला अनुक्रमे सुमारे ११ आणि १३ मायक्रोग्रॅमवर स्थिरावली. एवढ्यावरही, आधी शिकलेला नियम उलटा केला की ती अडखळत.

उपचार सावधपणे करावे लागतात. सक्सिमर हे शिसे बाहेर काढणारे औषध बाधित उंदरांच्या पिलांना उपयोगी पडले. शिसे न दिलेल्या पिलांत मात्र त्याच औषधाने टिकाऊ बौद्धिक उणिवा निर्माण केल्या. म्हणून औषध देण्याआधी रक्तातील शिसे मोजणे टाळता येत नाही.