वाय-फाय राउटर बदलणे आणि इंटरनेटचा वेग

घरातला जुना वाय-फाय राउटर काढून नवा बसवला की इंटरनेटचा वेग वाढतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती काही घरांत खरी ठरते, काहींत नाही. सेवादात्याकडून येणारी तार, तिच्यावरचे संकेत उलगडणारा मोडेम, राउटर, हवेतले रेडिओ तरंग आणि शेवटी फोन किंवा लॅपटॉप अशा टप्प्यांतून माहिती येते. यांतला जो टप्पा सर्वांत संथ, त्याच्याच वेगाने सगळे चालते. राउटर बदलल्याने यांतले मधले टप्पे तेवढे बदलतात. ५० एमबीपीएसची (म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटची) योजना घेतलेल्या घरात कितीही महागडा राउटर आणला तरी ५० चे ६० होणार नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वाय-फायचे मूळ मानक म्हणजे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे १९९७ मधले ८०२.११. त्याचा कमाल वेग २ एमबीपीएस होता. १९९९ मधल्या ‘बी’ आवृत्तीने तो ११ वर आणि २००३ मधल्या ‘जी’ आवृत्तीने ५४ वर नेला. २००९ मध्ये ‘एन’ आले आणि एकाच वेळी अनेक अँटेनांवरून माहिती पाठवणे घरगुती उपकरणांत रुळले. २०१३ च्या ‘एसी’ने ५ गिगाहर्ट्झ या वारंवारतेच्या पट्ट्यात आणखी रुंद चॅनेल (पट्ट्याचे छोटे भाग) वापरायला सुरुवात केली. अक्षरांचा हा गोंधळ ग्राहकांना झेपेना, म्हणून वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेने २०१८ मध्ये वाय-फाय ४ (‘एन’), ५ (‘एसी’), ६ अशी सुटसुटीत नावे दिली. वाय-फाय ७ चे प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. ‘जी’वरून वाय-फाय ५ वर गेलेल्याला फरक लगेच जाणवतो. वाय-फाय ५ वरून ६ वर जाणाऱ्याची योजना १०० एमबीपीएसची असेल आणि घरात मोजकीच उपकरणे असतील, तर मात्र तो बहुधा जाणवत नाही. वाय-फाय ६ मधल्या बऱ्याचशा सुधारणा पुष्कळ उपकरणे एकाच वेळी बोलत असताना होणारी गर्दी आवरण्यासाठी आहेत.

खोक्यावर छापलेले आकडे हा दिशाभूल होण्याचा मोठा उगम. ‘एसी १२००’ असे लिहिलेल्या राउटरमधले १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ३०० आणि ५ गिगाहर्ट्झमधले ८६७, यांची बेरीज करून केलेला गोल आकडा. फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. (वाय-फाय ७ मध्ये एकाहून अधिक पट्टे एकत्र वापरण्याची सोय आहे, पण उपकरणही तशाच क्षमतेचे लागते.) शिवाय ८६७ हा दोन अँटेनांच्या आदर्श दुव्याचा वेग. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, मिळालेल्या माहितीच्या प्रत्येक छोट्या गठ्ठ्याची पोच द्यायची, या शिस्तीतच बराच वेळ जातो. म्हणून प्रत्यक्षात हाती पडणारा वेग छापील दुव्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो, तोही राउटरच्या जवळ बसल्यास.

राउटरच अडथळा ठरतो अशी काही ठळक उदाहरणे आहेत. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा राउटर शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडतो, कारण या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच भागात गोंगाट करतो. दुसरे उदाहरण सहसा लक्षातच येत नाही. अनेक स्वस्त राउटरचे वाय-फाय वेगवान असते, पण तारेचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. अशा राउटरमागे ३०० एमबीपीएसची जोडणी असली तरी इंटरनेट ९५ च्या पुढे सरकत नाही. खराब लॅन केबलही हाच खेळ करते. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार तुटली की जोडणी गाजावाजा न करता १०० वर उतरते आणि दोष राउटरच्या माथी येतो. फार जुन्या राउटरचा प्रोसेसरही वेगवान जोडणीचा भार पेलू शकत नाही.

लांबच्या खोलीत रेंज मिळत नाही ही तक्रार मात्र वेगळी आहे आणि तिच्यावर नवा राउटर हा बहुतेकदा चुकीचा उपाय ठरतो. प्रक्षेपणशक्तीवर कायद्याने मर्यादा असते, त्यामुळे नवा राउटर जुन्यापेक्षा फार मोठ्याने ‘ओरडू’ शकत नाही. समजा ओरडला, तरी फोनचे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे आणि फोनचा आवाज राउटरपेक्षाही क्षीण. वारंवारता वाढते तसे भिंती भेदणे अवघड होते. ५ आणि ६ गिगाहर्ट्झ वेगवान असले तरी काँक्रीटपुढे २.४ पेक्षा लवकर हात टेकतात. कपाटात कोंबलेला, टीव्हीच्या मागे दडवलेला राउटर घराच्या मध्यावर उंच जागी आणून ठेवला, तर एक पैसा न खर्चता जो फरक पडतो, तो पुष्कळदा नव्या राउटरनेही पडत नाही. मोठ्या घरात दुसरे प्रक्षेपण केंद्र लागते. ते तारेने जोडलेले असावे. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर तेच चॅनेल ऐकायला आणि पुन्हा बोलायला वापरतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. अनेक केंद्रांचे मिळून एकच जाळे करणाऱ्या मेश संचांतही केंद्रे आपसात बिनतारी बोलत असतील तर थोडीफार किंमत मोजावीच लागते.

उपकरणाची मर्यादा लोक हमखास विसरतात. एक अँटेना असलेला जुना वाय-फाय ४ फोन २.४ गिगाहर्ट्झच्या नेहमीच्या अरुंद चॅनेलवर ७२ एमबीपीएसपेक्षा मोठा दुवा जोडूच शकत नाही, समोर कोणताही राउटर असो. असे संथ उपकरण तेवढीच माहिती पाठवायला चॅनेल जास्त वेळ अडवून धरते आणि इतरांनाही मागे खेचते.

अडथळा नेमका कुठे आहे हे शोधणे सोपे आहे. गिगाबिट पोर्ट असलेला संगणक केबलने राउटरला जोडून वेग मोजावा. इथेच योजनेइतका आकडा मिळत नसेल तर वाय-फायचा संबंध नाही. तार थेट मोडेमला लावून राउटर दोषी की सेवा, हे ठरवता येते. केबलवर पूर्ण वेग आणि वाय-फायवर कमी, तर दोष हवेतल्या टप्प्याचा. आकडे वाचताना १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट हे ध्यानात ठेवावे. डाउनलोडच्या खिडकीत १२ दिसल्यावर होणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

वेग पुरेसा असूनही व्हिडिओ कॉल अडखळतो, याचे कारण बहुधा विलंब. कुणी मोठी फाइल चढवू लागले की राउटर किंवा मोडेमच्या तात्पुरत्या साठ्यात (बफरमध्ये) गठ्ठ्यांची लांब रांग लागते आणि कॉलचे छोटे गठ्ठे तिच्यामागे ताटकळतात. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हटले. नेटवर्क-संशोधक कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ ही रांग आवरण्याची पद्धत मांडली. ती किंवा तिचा एखादा वारसदार असलेला राउटर घेतल्यास स्पीड टेस्टचा आकडा जागचा हलत नाही, क्वचित किंचित घटतो, तरी वापर सुखाचा होतो. राउटर बदलण्याचे हे सर्वांत सबळ आणि सर्वांत कमी जाहिरात झालेले कारण म्हणावे लागेल.

वेगाशी संबंध नसलेले आणखी एक कारण सुरक्षिततेचे. २०१७ मध्ये वाय-फायवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या डब्ल्यूपीए २ या पद्धतीतली ‘क्रॅक’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा उत्पादकांनी दुरुस्त्या दिल्या. ज्या राउटरांच्या फर्मवेअरची (आतल्या प्रणालीची) अद्यतने आधीच थांबली होती, ते तसेच राहिले. ज्याच्यासाठी उत्पादक आता अद्यतने देत नाही असा राउटर वेगाने कितीही समाधानकारक असला तरी बदलणेच योग्य.