जर्नलमधलं प्रॅक्टिकल आणि मॅडमसोबतचं संशोधन

बीएला मानसशास्त्र घेतलेली मुलं पुढच्या प्रवेशाच्या अर्जात बिनधास्त लिहितात, ‘मी संशोधन केलं आहे.’ खोदून विचारलं की कळतं, केलेलं असतं प्रॅक्टिकल. दोन्हीकडे सब्जेक्ट, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, समोर बसतो, सूचना वाचून दाखवतात, आकडे मांडतात, शेवटी निष्कर्ष लिहितात. गफलत होणारच.

म्युलर-लायर या दृष्टिभ्रमाचं प्रॅक्टिकल घ्या. रेघा दोन्ही सारख्या, पण जिच्या टोकांचे बाण बाहेर फाकलेले असतात ती लांब वाटते. मैत्रीण पट्टी सरकवत सरकवत ‘हां, आता सारख्या’ म्हणते, तुम्ही मिलिमीटर टिपता, सरासरी चूक काढता. हा भ्रम १८८९ पासून माहीत आहे. शिकायचं असतं ते हात बसवणं. सूचना प्रत्येकाला त्याच शब्दांत द्यायच्या, क्रम आलटून पालटून ठेवायचा. ज्याचं हे कच्चं राहिलं, त्याच्या पुढच्या डेटावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. पण उत्तर उलटं आलं की आपण ‘सब्जेक्टचं लक्ष विचलित झालं’ असं लिहून मोकळे होतो, आणि जर्नलवर, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीवर, सही मिळते.

शिक्षकांसोबतच्या संशोधनात ही पळवाट बंद असते, कारण उत्तर मॅडमनाही ठाऊक नसतं. उलटं आलं तर उलटंच मांडायचं. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. मूळ अभ्यासांत ९७ टक्के निकाल सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाने आले नसावेत असे, होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच उरले. याची कारणं अनेक असू शकतात, पण गैरसोयीचे आकडे बाजूला सारण्याची सवय महागात पडू शकते, हे यातून लक्षात येतं.

काम मात्र बारीकसारीकच असतं. समजा, मॅडमना डास-२१ ही नैराश्य, चिंता आणि ताण मोजणारी प्रश्नावली गावातल्या बायकांना द्यायची आहे. त्यात ‘डाउन-हार्टेड अँड ब्लू’ वाटण्याबद्दल एक विधान आहे. मराठीत काय लिहाल? ‘उदास वाटलं’? की ‘मन लागेना’? मन तर नव्यानं सासरी गेलेल्या मुलीचंही लागत नाही. ‘कसंनुसं झालं’ म्हणावं तर कुणी पोटात ढवळल्याचं सांगेल. मग एकानं मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं. एका ओळीवर अख्खी दुपार जाते. आजीची बोली कानात असलेली टीवायची मुलगी इथे मॅडमपेक्षाही उपयोगी पडू शकते, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रॅक्टिकलला मैत्रिणीचा तोंडी होकार चालून जातो. इथे एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात कुणाला त्रास होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते, समजेल अशा मराठीत संमतिपत्र लागतं. एखादीचा ताण फारच जास्त निघाला तर तिला कुणाकडे पाठवायचं, हेही आधीच ठरवावं लागतं.

यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. तोवर थांबायचं कारण नाही. दुसऱ्या वर्षीच विचारा, ‘मॅडम, मुलाखती उतरवून घ्यायला कुणी हवंय का?’ शोधनिबंधात आपलं नाव कुठे येणार, लेखकांत की ऋणनिर्देशात, हेही त्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्या.