डीव्हीडी रूपांतर : रुंदपडदा गुणोत्तर

जुन्या कॅसेटवरील चित्रण डीव्हीडीवर घेताना चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण, म्हणजे ४:३ किंवा १६:९, न बिघडवता उतरवण्याची पद्धत. भारतातील जुनी ॲनालॉग दूरचित्रवाणी पाल या चित्रप्रणालीची असल्याने पुढील आकडे त्या प्रणालीचे आहेत.

डीव्हीडीवर रुंद चित्रासाठी वेगळी, मोठी चौकट नसते. दोन्ही प्रमाणांची चित्रे ७२० × ५७६ पिक्सेलांतच साठवतात. ती किती रुंद दाखवायची हे चित्रासोबतची खूण, म्हणजे फ्लॅग, ठरवते. ४:३ मध्ये प्रत्येक पिक्सेल उंचीच्या १२/११ पट रुंद मानला जातो, १६:९ मध्ये १६/११ पट. फ्लॅग चुकला की माणसे एक तर काटकुळी दिसतात किंवा तिसऱ्या हिश्श्याने फुगतात. चित्र मात्र शाबूत असते, त्यामुळे ही चूक नंतरही सुधारता येते. चित्रच ताणून एन्कोड केले, म्हणजे डिस्कसाठी आकुंचित करून साठवले, असेल तर तसे नीट सुधारता येत नाही.

म्हणून कॅप्चर, म्हणजे कॅसेटवरचे चित्रण संगणकात घेणे, झाल्यावर आधी मूळ चित्र कोणत्या जातीचे आहे ते ठरवावे. साधे ४:३, काळ्या पट्ट्यांत बसवलेले लेटरबॉक्स आणि आडवे दाबलेले ॲनामॉर्फिक असे तीन प्रकार भेटतात. नजरेवर विसंबू नये. समोरून दिसणारी गोल वस्तू, उदाहरणार्थ भिंतीवरचे घड्याळ, शोधून मूळ पिक्सेलांत मोजावी. रुंदी ११० आणि उंची १२० भरली तर चित्र ४:३ आहे; ११० ला १६० भरली तर ॲनामॉर्फिक १६:९. आरतीचे तबक मोजायला घेऊ नये, ते बहुधा तिरके धरलेले असते.

कॅमेऱ्यावर ‘१६:९’ लिहिले आहे एवढ्यावरही जाऊ नये. काही मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल फितीचे) कॅमेरे खरेच चित्र दाबून नोंदवत. काहींची ‘सिनेमा’ सोय ४:३ चित्रावर वर-खाली काळ्या पट्ट्या ओढण्यापुरतीच असे. डीव्ही फितीवरची रुंदीची खूण फायरवायरने, म्हणजे संगणकाला जोडायच्या डिजिटल केबलने, घेतल्यास सोबत येते. तीच फीत पिवळ्या व्हिडिओ केबलने व्हीएचएसवर उतरवलेली असेल तर खूण गळून दाबलेले चित्र तेवढे उरते.

साधे ४:३ चित्र ४:३ म्हणूनच ठेवावे. दोन्ही बाजूंना पट्ट्या लावून ते १६:९ चौकटीत बसवले तर ७२० पैकी ५४० स्तंभच चित्राला मिळतात. त्या पट्ट्या टीव्ही स्वतः दाखवतो.

खरे काम लेटरबॉक्समध्ये असते. ४:३ चौकटीतल्या १६:९ चित्राला ५७६ पैकी ४३२ ओळी मिळतात. वर ७२ व खाली ७२ काळ्या. हे तसेच १६:९ टीव्हीवर लावले की चारही बाजूंना काळे दिसते. उपाय म्हणजे त्या पट्ट्या कापणे, उरलेल्या ७२० × ४३२ चित्राची उंची ५७६ करणे आणि १६:९ फ्लॅग लावणे. नवा तपशील मिळत नाही, पण पडदा भरतो. व्हीएचएस चित्राच्या तळाशी, फीत वाचणारे हेड बदलताना उमटणारा फाटका पट्टा या कापणीत आपोआप जातो.

चित्र सिनेमास्कोपचे, म्हणजे २.३५:१ असेल तर प्रत्यक्ष चित्र सुमारे ३२७ ओळींचे असते. तरीही ७२-७२ ओळीच कापाव्यात. ‘ऑटो क्रॉप’ सगळे काळे काढून ३२७ च्या ५७६ ओळी करतो, आणि पडद्यावर सगळे उंच दिसतात. योग्य रूपांतरानंतर १६:९ चौकटीत सुमारे ४३६ ओळी चित्राच्या व वर-खाली सत्तरेक काळ्या राहायलाच हव्यात. उपशीर्षके खालच्या काळ्या पट्टीत छापलेली असतील तर कापणीत ती जातील; अशी फीत लेटरबॉक्ससह ४:३ च ठेवलेली बरी. डाव्या-उजव्या कडेच्या आठ-आठ पिक्सेलांच्या काळ्या रेघाही कापून ताणू नयेत. पाल चित्र मुळात सुमारे ७०२ पिक्सेलांचे असते, ७२० ही त्याभोवतीची मोकळी चौकट आहे. तिथे ताणले की दोन-अडीच टक्के फरक पडतो.

उंची बदलताना बहुतेकांची चूक होते ती इंटरलेसिंगमध्ये. प्रत्येक फ्रेममध्ये १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेली दोन फील्ड एकाआड एक ओळींत विणलेली असतात. तसेच ताणले तर दोन क्षणांच्या ओळी मिसळतात आणि हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दाते येतात. आधी यादिफ किंवा क्यूटीजीएमसी या फील्ड सुटी करणाऱ्या फिल्टरने सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम कराव्यात, मग कापून आकार बदलावा, मग पुन्हा २५ इंटरलेस्ड फ्रेम विणाव्यात. कोणते फील्ड आधी हे एन्कोडरला बरोबर सांगावे: डीव्हीमध्ये खालचे आधी असते, ॲनालॉग कॅप्चरमध्ये बहुधा वरचे. उलटे झाले तर चाल मागेपुढे हिसके खाते.

डिस्क बांधताना फ्लॅग दोन ठिकाणी लागतो: एमपेग-२ प्रवाहाच्या, म्हणजे खुद्द चित्राच्या डेटाच्या, शीर्षात आणि डिस्कची माहिती ठेवणाऱ्या आयएफओ फाइलमध्ये. घरचा प्लेअर सहसा आयएफओ मानतो, संगणकावरचे अनेक प्लेअर प्रवाह वाचतात. म्हणून संगणकावर बरोबर दिसलेली डिस्क टीव्हीवर बिघडू शकते. फक्त फ्लॅगच चुकला असेल तर आयएफओएडिटसारख्या साधनाने आयएफओतला बदलावा, प्रवाहातला वेगळा दुरुस्त करावा. पुन्हा एन्कोड करू नये. एका टायटल सेटमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या चित्रफितींच्या एका गटात, एकच प्रमाण चालते. लग्नाचे ४:३ चित्रण आणि नंतरच्या स्वागतसमारंभाचे १६:९ एकाच डिस्कवर हवे असेल तर दोन टायटल सेट करावेत.

व्हीसीडीवरून आलेल्या चित्रपट-नाटकांना हा खटाटोप सहसा परवडत नाही. तिथली चौकट ३५२ × २८८ ची, रुंदपडदा फ्लॅग मुळातच नाही, आणि लेटरबॉक्समधले १६:९ चित्र जेमतेम २१६ ओळींचे. ताणले की चित्रातले चौकोनी ठोकळे ठसठशीत होतात. डीव्हीडीतही ३५२ रुंदीच्या चित्राला १६:९ फ्लॅग लावता येत नाही. ते चित्र आहे तसे ४:३ ठेवून आवाज तेवढा ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झ करावा.

डिस्क अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी असेल तर तिथल्या डीव्हीडींची चित्रप्रणाली एनटीएससी आहे. चौकट ७२० × ४८०, लेटरबॉक्सच्या पट्ट्या ६०-६० ओळींच्या आणि गती सेकंदाला २९.९७ फ्रेम. तिथले बरेच प्लेअर पाल डिस्क घेत नाहीत. नुसता आकार बदलून भागत नाही, गतीचेही रूपांतर करावे लागते.