मारखोरच्या शिंगांचा हिशेब

मारखोर ही पिळदार शिंगांची रानशेळी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 80 ते 110 किलो भरते आणि शिंगे दीड मीटरच्याही पुढे जाऊ शकतात. पाकिस्तानचा हा राष्ट्रीय प्राणी 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. तरीही 1997 साली त्याच कराराने पाकिस्तानला वर्षाला 6 नरांची शिंगे शिकारचिन्ह म्हणून देशाबाहेर जाऊ देण्याची मुभा दिली आणि 2002 मध्ये ती संख्या 12 केली. खैबर पख्तुनख्वा, गिलगिट-बाल्टिस्तान आणि बलुचिस्तान यांच्या वाट्याला प्रत्येकी चार परवाने येतात. त्यांचा लिलाव होतो आणि अलीकडच्या काही वर्षांत एकेका परवान्याला दोन लाख डॉलरच्याही वर बोली लागली आहे.

दुर्मीळ प्राणी वाचवायचा म्हणून त्यालाच गोळी घालायची, हे ऐकून कुणालाही अस्वस्थ वाटेल आणि ती अस्वस्थता चुकीची नाही. पण या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी एक पाहावे लागते. परवाने नव्हते तेव्हा मारखोर कोण मारत होते, कोणते मारत होते आणि कशासाठी?

बलुचिस्तानातल्या किला सैफुल्ला जिल्ह्यात तोबा काकड पर्वतरांगेत तोरघर नावाचा डोंगर आहे. 1979 नंतरच्या अफगाण युद्धामुळे या भागात स्वयंचलित रायफली आणि काडतुसे मुबलक झाली. पूर्वी जुन्या बंदुकीने दिवसभर माग काढून एखादा प्राणी हाती लागे. आता समोर आलेला कळपच्या कळप टिपता येऊ लागला. मांसासाठी मारणाऱ्याला नर काय, मादी काय आणि करडू काय, सारखेच. 1980च्या दशकाच्या मध्याला तोरघरवर सरळ शिंगांचे मारखोर शंभराच्या आत उरले असावेत, असा अंदाज होता. सरकारी वनरक्षक तिथे पोहोचतच नव्हते. तेव्हा तिथल्या पश्तून टोळीप्रमुखांच्या कुटुंबाने पुढाकार घेतला आणि टोळीतल्या शिकाऱ्यांशीच करार केला: तुम्ही शिकार सोडा, इतरांनाही करू देऊ नका, आम्ही तुम्हाला राखणदार म्हणून पगार देतो. पगाराचा पैसा यायचा तो मोजक्या परदेशी शिकाऱ्यांकडून, एखाददुसऱ्या म्हाताऱ्या नराच्या बदल्यात.

1994 च्या पाहणीत तिथे सुमारे 695 मारखोर आणि 1,173 उरियल मेंढे असल्याचा अंदाज निघाला. 2005 मध्ये हेच आकडे सुमारे 2,541 आणि 3,145 वर गेले. ही वाढ मुख्यतः बारा महिने चाललेली अंदाधुंद गोळीबारी थांबल्यामुळे झाली. परदेशी शिकाऱ्याने दिलेल्या पैशांतून गावाने खरे तर हा संयम विकत घेतला होता, आणि ट्रॉफी शिकारीच्या, म्हणजे पैसे मोजून शिकारचिन्हासाठी केलेल्या शिकारीच्या, बाजूचा सगळा युक्तिवाद याच एका सांध्यावर उभा आहे.

आता प्राण्याच्या बाजूने पाहू. मारखोरच्या माद्या आणि करडे कळपाने राहतात, वयस्क नर वर्षाचा बराच काळ वेगळे फिरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात माज येतो तेव्हा ते खाली कळपात उतरतात, झुंजी लागतात आणि थोडे नर बहुतेक माद्यांना फळवतात. गर्भ साडेपाच महिन्यांच्या आसपास वाढतो, मादीला एक किंवा दोन करडे होतात. त्यामुळे पुढच्या वर्षी किती करडे जन्मतील हे माद्यांच्या संख्येवर ठरते. आठ-नऊ वर्षांचा एक नर कमी झाला तर त्याची जागा दुसरा घेतो आणि जन्मदर हलत नाही. एक मादी गेली तर तिच्या पुढच्या सगळ्या वेतांवर पाणी सोडावे लागते. या हिशेबालाही मर्यादा आहे. मोठे नर फार काढले तर अडीच-तीन वर्षांचे पोरसवदा नर माद्यांच्या मागे धावत राहतात, माज लांबतो, करडे उशिरा जन्मतात आणि हिवाळ्यापूर्वी त्यांच्या अंगावर पुरेशी चरबी चढत नाही. म्हणून एकूण संख्येच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जायचे नाही आणि तेही केवळ उतारवयाच्या नरांतूनच घ्यायचे, असा दंडक पाळतात. पाकिस्तानचे 12 परवाने हजारोंच्या संख्येतून दिलेले आहेत, म्हणजे या मर्यादेच्याही बरेच खाली.

टक्के काढायचे तर आधी आकडा हवा, आणि हे सगळ्यांत अवघड काम आहे. कड्याच्या रंगात मिसळून गेलेला प्राणी एका नजरेत सुटतोच. त्यासाठी दोन निरीक्षकांची पद्धत वापरतात. खोऱ्याचे भाग पाडायचे. प्रत्येक भागात पहिला निरीक्षक ठरलेल्या वाटेने जातो आणि दुसरा पंधरा ते तीस मिनिटांच्या अंतराने त्याच वाटेने. दोघांनी एकमेकांना खुणावायचे नाही. कळप दिसला की जागा, वेळ, एकूण संख्या, माद्या, करडे, वर्षभराची पिल्ले आणि नरांचे वयोगट लिहायचे. संध्याकाळी वह्या जुळवायच्या. समजा पहिल्याला 30 कळप दिसले, दुसऱ्याला 28 आणि त्यातले 24 दोघांनाही दिसले. दोघांच्या आकड्यांत एकेक मिळवून गुणाकार करायचा, सामाईक आकड्यात एक मिळवून त्याने भागायचे, शेवटी एक वजा करायचा: 31 गुणिले 29 भागिले 25 वजा 1, म्हणजे जवळपास 35. प्रत्यक्षात दोघांनी मिळून 34 वेगवेगळे कळप पाहिले होते, म्हणजे एखादाच नजरेतून सुटला. सामाईक आकडा 24 ऐवजी 12 असता तर तेच उत्तर 68 वर गेले असते, आणि त्याचा अर्थ एवढाच की पाहणी कच्ची झाली आहे, पुन्हा करा.

चुका कुठे होतात? वाऱ्याच्या दिवशी मोजणी केली की जनावरे कपारीत बसून राहतात. दोन खोऱ्यांची मोजणी वेगवेगळ्या आठवड्यांत केली की खिंड ओलांडून गेलेला कळप दोनदा मोजला जातो. आणि ज्या स्थानिक संवर्धन समितीला आकडा वाढला की परवाना मिळणार आहे, तिनेच एकटीने मोजणी केली की आकडा फुगतो. ही तिसरी चूक मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती कुणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना धूसर कळप मोठाच दिसतो. गावकरी, सरकारी खाते आणि बाहेरचे अभ्यासक यांनी एकत्र मोजल्याशिवाय परवाना देऊच नये.

शिकार हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला होते. बर्फामुळे जनावरे खाली उतरलेली असतात आणि नर कळपात सापडतात. शिकाऱ्याबरोबर स्थानिक वाटाड्या आणि खात्याचा माणूस असतो. कुठला नर मारायचा हे वाटाड्या ठरवतो आणि खरे कौशल्य त्यातच आहे. थंडीत शिंगांची वाढ थांबते व वसंतात पुन्हा सुरू होते, त्यामुळे शिंगावर दरवर्षी एक कडे उमटते. मोठ्या दुर्बिणीतून ही कडी मोजायची, मानेवरची आणि छातीवरची लांब दाढी पाहायची, अंगाचा भारदस्तपणा पाहायचा. नुसती शिंगांची लांबी पाहून निर्णय घेतला तर जोमाने वाढणारा सहा वर्षांचा नर म्हातारा समजून मारला जातो. गोळी लागून निसटलेला प्राणीही कोट्यात धरला पाहिजे, नाहीतर कागदावर एक आणि कड्याखाली दोन, असे होते. नंतर शिंगे मोजून त्यांची नोंद होते, निर्यात परवाना निघतो, मांस गावात वाटले जाते.

परवान्याच्या रकमेतला 80 टक्के वाटा स्थानिक समाजाला आणि 20 टक्के सरकारला, असा पाकिस्तानात नियम आहे. दीड लाख डॉलरचा परवाना धरला तर 1 लाख 20 हजार डॉलर खोऱ्यातल्या संवर्धन समितीच्या बँक खात्यात येतात. जिथे घरटी थोडी शेती, थोडी जनावरे आणि सहा महिने बर्फ, तिथे या पैशातून पाण्याचा पाट बांधला जातो, शाळेला शिक्षक मिळतो, आजाऱ्याला शहरात नेण्याची सोय होते आणि राखणदारांचे पगार निघतात. चोरून शिकार करणारा आता सगळ्या गावाच्या पाटाला भोक पाडत असतो, आणि शेजाऱ्यांपासून असा माणूस लपून राहत नाही. ताजिकिस्तानातही असेच घडले. तिथले मारखोर 1990च्या दशकातल्या यादवी युद्धानंतर काही शेकड्यांवर आले होते. पंज नदीच्या खोऱ्यात परंपरेने शिकार करणाऱ्या कुटुंबांनी राखीव क्षेत्रे सांभाळायला घेतली आणि 2012 च्या पाहणीत हजाराहून अधिक मारखोर मोजले गेले. विशेष म्हणजे बराच काळ त्यांना एकही परवाना मिळाला नव्हता. पुढे मिळेल या भरवशावर त्यांनी राखण केली. 2015 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत मारखोर 'संकटग्रस्त' गटातून 'संकटाच्या उंबरठ्यावर' या सौम्य गटात आला.

पैसा गावापर्यंत पोहोचला नाही तर मात्र ही साखळी तुटते. नेपाळमध्ये धोरपाटन हे 1,325 चौरस किलोमीटरचे शिकार राखीव क्षेत्र 1987 पासून आहे. भरल आणि ताहर या डोंगराळ रानजनावरांच्या शिकारीचे परवाने तिथे सरकार देते. राष्ट्रीय उद्यानांभोवतीच्या बफर क्षेत्रांतल्या गावांना उत्पन्नाचा 30 ते 50 टक्के वाटा देण्याची सोय नेपाळच्या कायद्यात आहे, पण धोरपाटनभोवती दीर्घकाळ असे क्षेत्रच आखलेले नव्हते. कुरणावर निर्बंध गावाने सोसायचे आणि शुल्क काठमांडूच्या तिजोरीत जमा व्हायचे. अशा ठिकाणी राखण करायला गावाने का धावावे?

नियम असूनही तो चुकीचा असला तर काय होते, ते कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात दिसले. तिथल्या राम माउंटनवर बिगहॉर्न मेंढ्यांचा 1970च्या दशकापासून, एकेका मेंढ्याला खूण करून अभ्यास चालू आहे. शिंगाचा वेढा चार-पंचमांश पूर्ण झाला की नर मारायला मोकळा, असा तिथला नियम होता. किती मारायचे यावर मात्र स्थानिक परवानाधारकांसाठी मर्यादा नव्हती. झपाट्याने शिंगे वाढणारा मेंढा चौथ्या-पाचव्या वर्षीच 'कायदेशीर' होई आणि मारला जाई. मोठ्या शिंगांचा माद्या मिळवण्यात खरा उपयोग होतो तो सहा-सात वर्षांनंतर, तेवढे जगणेच त्याच्या नशिबी नसे. आखूड शिंगांचे नर मागे राहत आणि त्यांचीच संतती वाढे. 2003 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पिढ्यांगणिक शिंगे आणि वजन घटल्याचे दाखवले. घट किती आनुवंशिक आणि किती चाऱ्याच्या टंचाईमुळे, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. 2016 च्या अधिक काटेकोर विश्लेषणातही निवडक शिकारीचा आनुवंशिक परिणाम दिसलाच. 1996 मध्ये पूर्ण वेढ्याची अट घातल्यावर घसरण थांबली, पण शिंगे पूर्वपदावर आली नाहीत. म्हणून निकष वयाचा हवा आणि संख्या आधी ठरलेली हवी.

आणखी एक गाठ शिकारी प्राण्यांची. मारखोर आणि आयबेक्स ही दुसरी रानशेळी वाढली की हिमबिबट्याला आणि लांडग्याला खाद्य मिळते. ते पाळीव जनावरांवर कमी येतील, अशी अपेक्षा असते. पण एका नराची किंमत लाख डॉलर आहे हे कळल्यावर तोच नर लांडग्याने खाल्लेला गावाला कसा चालेल? लांडगे मारण्याची मागणी मग समितीच्या बैठकीतच होऊ लागते. शिवाय दोन खोऱ्यांतली दरी रुंदावते. मारखोरच्या खोऱ्यात एका परवान्याला लाखाच्या वर डॉलर, आणि शेजारच्या आयबेक्सच्या खोऱ्यात काही हजार, राखणीचे कष्ट मात्र सारखेच. उत्पन्नाचा काही भाग सामायिक निधीत टाकून तो जिल्ह्यातल्या सगळ्या समित्यांना देणे हा मला त्यावरचा न्याय्य उपाय वाटतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा मार्ग बंद आहे. काश्मिरातल्या काजीनाग आणि हिरपोराच्या मारखोरांचे संरक्षण मुख्यतः सरकारी यंत्रणेवर आणि चराईच्या नियमांवर चालते.

या सगळ्या चर्चेत आजार मागे पडतो. 2010 च्या शरद ऋतूत ताजिकिस्तानात मायकोप्लाझ्मा जिवाणूमुळे झालेल्या न्यूमोनियाने किमान 64 मारखोर मेले. पाकिस्तानला वर्षाला मिळणाऱ्या परवान्यांच्या पाचपटीहून जास्त प्राणी, एका लहानशा क्षेत्रात, काही आठवड्यांत. असे रोग पाळीव शेळ्यांकडून येण्याचा धोका मोठा असतो. एकाच पाणवठ्यावर आणि एकाच मिठाच्या चाटणीवर दोघे तोंड लावतात. कळपांची संख्या वाढली की रोग पसरणे आणखी सोपे होते, म्हणजे संवर्धनाचे यशच हा धोका वाढवते. यावर उपाय खर्चिक नाहीत. कड्यालगतची हिवाळी कुरणे रानजनावरांसाठी मोकळी सोडायची, मीठ गावाजवळच ठेवायचे, खोकणारी शेळी वर न्यायची नाही, मेलेले मारखोर आढळले की राखणदाराने त्याच दिवशी पशुवैद्याला कळवायचे. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या दुसऱ्या जीवघेण्या रोगावर लस आहे आणि एकदा टोचली की ती किमान तीन वर्षे पुरते. एका परवान्याच्या पैशात खोऱ्यातल्या सगळ्या शेळ्या-मेंढ्यांना ती देता येईल. समितीच्या खर्चाच्या यादीत हा आकडा पाट आणि इमारतीच्या आधी लिहायला हवा.