परसबाग : लागवड, स्वयंपाक आणि टिकवण

परसबाग म्हणजे घरच्या स्वयंपाकासाठी घरालगत केलेली भाजीपाल्याची लागवड. ती परसात असते, अंगणात असते, गच्चीवरच्या वाफ्यांत किंवा कुंड्यांतही असते. बाजारासाठी पिकणारा भाजीपाला वाहतुकीत टिकावा, एकसारखा दिसावा, एकदम काढता यावा, अशा बेताने निवडलेला असतो. परसबागेत या अटी लागू नाहीत. हात लावताच फुटेल इतक्या पातळ सालीचा टोमॅटो किंवा तासाभरात मलूल होणारी कोवळी पालेभाजी इथे निर्धास्त लावता येते. मात्र बाजार मध्ये नसल्यामुळे जास्तीचा मालही घरातच राहतो. त्यामुळे पेरणी, चूल आणि बरणी यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. तो मांडला नाही की एका महिन्यात भाजी वाया जाते आणि पुढच्या महिन्यात वाफे रिकामे राहतात.

घराभोवती अन्न पिकवण्याची रीत शेतीइतकीच जुनी असावी. इंडोनेशियातील जावा बेटावर अशा बागेला ‘पेकारांगन’ म्हणतात. उंच नारळ, त्याखाली केळी आणि फळझाडे, जमिनीलगत कंद व पालेभाज्या अशी तिची थरांची रचना असते. फ्रान्समध्ये १६७८ ते १६८३ या काळात बागतज्ज्ञ ला कँतिनी यांनी राजा चौदाव्या लुईसाठी व्हर्साय येथे राजवाड्याची भाजीबाग उभारली. उंच भिंतींचा आडोसा आणि खताची ऊब वापरून तिथे ऐन हिवाळ्यात शतावरीचे कोंब काढले जात. दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांनी नागरिकांना परसबागा करायला सांगितले. अमेरिकेत १९४३ मध्ये अशा सुमारे २ कोटी बागा होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीपाल्याचा सुमारे ४० टक्के वाटा त्यांतून आला, असा अंदाज सांगितला जातो. त्याच वर्षीच्या एका सरकारी भित्तिपत्रकात स्वतः पिकवा आणि स्वतःच डबाबंद करून ठेवा, असे आवाहन होते. पिकवणे आणि टिकवणे यांची फारकत करून चालत नाही, हे त्या काळात सरकारी पातळीवरही ओळखले गेले होते.

जागा आणि माती. फळभाज्यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागते, पालेभाज्या ४ तासांवरही भागवतात. वाफा १ ते १.२ मीटर रुंद ठेवला की दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो, आत पाय ठेवावा लागत नाही आणि माती दाबली जात नाही. चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि पाण्याचा निचरा, एवढ्यावर बहुतेक भाज्या खूश असतात. ताजे शेण मात्र टाळावे. त्यातले रोगजंतू मातीला टेकणाऱ्या भाजीवर येऊ शकतात, म्हणून ते घालणे आणि काढणी यांत किमान १२० दिवसांचे अंतर ठेवण्याचा दंडक सेंद्रिय शेतीत पाळतात. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे, कारण पाने रात्रभर ओली राहिली की बुरशीला वाव मिळतो. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली पिके आहेत. त्यांपैकी काहीही त्याच वाफ्यात लागोपाठ घेतले तर मातीतले रोग साठत जातात, म्हणून ३ ते ४ वर्षांची फेरपालट करतात.

पेरणीचा बेत. परसबाग बहुधा किडीमुळे फसत नाही, पहिल्याच दिवशी पाकिटातले सगळे बी पेरल्यामुळे फसते. लहान जातींचा मुळा २५ ते ३० दिवसांत तयार होतो आणि आठवडाभर जास्त राहिला तर आतून भेंडाळतो. ५० मुळे एकदम तयार झाले तर कोणतेही घर ते खाऊन संपवू शकत नाही. म्हणून मुळा, पालक, कोथिंबीर, झुडपी घेवडा यांचे थोडे थोडे बी दर १० ते १५ दिवसांनी टाकावे. टप्प्याटप्प्याची ही पेरणी म्हणजेच सर्वांत स्वस्त साठवण होय. तिला ना बरणी लागते ना फ्रीज.

जातीची निवडही स्वयंपाकघराकडूनच व्हायला हवी. टोमॅटोच्या झुडपी जाती थोड्या आठवड्यांत जवळजवळ सगळी फळे देऊन मोकळ्या होतात. वर्षभराचा रस किंवा सॉस एकदाच करायचा असेल तर त्या सोयीच्या. रोज दोन-चार टोमॅटो हवे असतील तर आधाराने उंच वाढणाऱ्या, हंगामभर फळणाऱ्या जाती लावाव्यात. गाजर काही आठवडे मातीतच थांबते, भोपळा वेलावर पिकत राहतो, मिरची लाल होईपर्यंत वाट पाहते. काकडी, भेंडी आणि शेंगा मात्र थांबत नाहीत. बेत करताना प्रत्येक पिकाचा हा स्वभाव आधी पाहावा.

काढणी. भेंडी, काकडी, घेवडा यांची तोडणी एक-दोन दिवसांआड करावी लागते. पानाआड एखादी काकडी राहून पिवळी पडली की वेलाची ताकद तिच्या बियांकडे जाते आणि नवी फळधारणा मंदावते. तोडणी हा त्यामुळे उत्पन्न वाढवण्याचाही उपाय आहे. पालेभाजी सकाळी, ऊन चढण्याआधी काढावी, तेव्हा पानांत पाणी भरलेले असते. वाटाणा आणि नेहमीच्या जातींचा मधुमका यांच्यातली साखर तोडल्या क्षणापासून पिष्टात बदलू लागते आणि उष्णतेत हा बदल वेगाने होतो. कणीस आणायला जाण्यापूर्वी पाणी उकळत ठेवावे, हा सल्ला अक्षरशः पाळण्यासारखा आहे. टोमॅटो कधीही कच्चा असताना फ्रीजमध्ये ठेवू नये. सुमारे १२° से. खाली त्याचा वास देणारी द्रव्ये तयार होणे थांबते, आणि घरी पिकवण्याचे निम्मे सुख त्या वासातच असते.

स्वयंपाक. ताज्या भाजीला कमी पाणी आणि कमी वेळ पुरतो. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात व उष्णतेने घटतात, त्यामुळे पालेभाजी उकळून पाणी ओतून देण्यापेक्षा वाफवणे किंवा परतणे चांगले. टोमॅटो आणि गाजर यांचे गणित वेगळे आहे. त्यांतली लायकोपीन व बीटा-कॅरोटीन ही रंगद्रव्ये स्निग्धात विरघळतात आणि थोड्या तेलात शिजवल्यावर शरीराला अधिक मिळतात.

बाजारात न दिसणारे भागही परसबागेत हाती लागतात. मुळा आणि बीट यांचा कोवळा पाला, भोपळ्याची कोवळी पाने आणि नरफुले उत्तम लागतात. नरफुलाचा देठ सरळ असतो, मादीफुलाच्या बुडाशी इवले फळ दिसते. परागीभवनासाठी काही नरफुले वेलावर राहू द्यावीत. सगळाच पाला मात्र खाण्याजोगा नसतो. बटाट्याचा पाला विषारी आहे आणि उन्हाने हिरवा झालेला बटाटाही टाकून द्यावा, कारण त्यात सोलॅनिन हे विष वाढलेले असते. राजम्याचे दाणे भिजवून ते पाणी टाकावे आणि नव्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळावेत. मंद आचेवर अर्धकच्चे शिजलेले दाणे जोराच्या उलट्यांना कारण ठरतात.

टिकवण. अन्न खराब करतात ती त्यातलीच विकरे (एन्झाइम) आणि त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव. टिकवण्याची प्रत्येक पद्धत त्यांच्याकडून काहीतरी काढून घेते : पाणी, ऊब, हवा किंवा आम्लरहित वातावरण.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे भाजी जिवंत ठेवणे. कांदा मान पूर्ण सुकेपर्यंत हवेशीर सावलीत पसरतात. भोपळा ८ ते १० सेंमी देठासह कापून सुमारे १० दिवस उबदार कोरड्या जागी ठेवला की साल कडक होते. मग थंड, कोरड्या जागी तो काही महिने राहतो. गाजराचा पाला आणल्याबरोबर काढावा, नाहीतर तो मुळातले पाणी ओढत राहतो. गाजर सफरचंदाशेजारी ठेवू नये, पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ते कडू होते. बटाटा अंधारात आणि कांद्यापासून लांब ठेवावा.

वाळवताना पातळ, एकसारख्या चकत्या आणि वाहती कोरडी हवा महत्त्वाची. यंत्रात भाज्यांसाठी सुमारे ६०° से. तापमान ठेवतात. आच फार असेल तर चकतीचे बाहेरचे कवच सुकते आणि आत ओल कोंडते. वाळलेली भाजी कटकन मोडली पाहिजे. ती पारदर्शक बरणीत भरून काही दिवस पाहावी. काचेवर आतून दमटपणा दिसला तर लगेच काढून पुन्हा वाळवावी. ढगाळ, दमट हवेत उन्हावर विसंबून राहणे म्हणजे बुरशीला आवतण होय.

गोठवण्यापूर्वी बहुतेक भाज्या उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवतात : वाटाणे दीड मिनिट, घेवडा ३ मिनिटे, पालेभाज्या सुमारे २ मिनिटे. नंतर त्या तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. ही पायरी गाळली तर -१८° से. तापमानातही विकरांचे काम मंद गतीने चालू राहते आणि काही आठवड्यांत भाजीला गवताचा वास येतो. मिरची आणि चिरलेला कांदा यांना ही गरज नसते.

आंबवणे ही यांतली सर्वांत जिवंत पद्धत. १ किलो चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम मीठ लावून चोळले की थोड्या वेळात त्याचेच पाणी सुटते. ते पाणी वर येईपर्यंत कोबी बरणीत दाबून भरतात आणि वजन ठेवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसू लागतात. हे काम ल्यूकोनॉस्टॉक गटाच्या जीवाणूंचे, त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवा बाहेर ढकलतो. पाणी गढुळते, वास आंबूस होतो, आणि वाढत्या आम्लात टिकाव धरणारे लॅक्टोबॅसिलस गटाचे जीवाणू पुढची सूत्रे घेतात. १८ ते २२° से. तापमानात ३ ते ४ आठवड्यांत चव पक्की होते. उष्णता जास्त असेल तर काम लवकर उरकते, पण कोबी मऊ पडतो. पाण्यावर पांढरा सपाट पापुद्रा आला तर तो बहुधा निरुपद्रवी यीस्टचा असतो, काढून टाकावा. केसाळ किंवा रंगीत बुरशी आली तर सगळी बरणी टाकून द्यावी. अशी वेळ बहुधा मिठाच्या पाण्याबाहेर राहिलेल्या एखाद्या तुकड्यामुळे येते.

हवाबंद बरण्यांची पद्धत फ्रान्समधील निकोला आपेर यांनी शोधली आणि १८१० मध्ये प्रसिद्ध केली. ती का चालते हे सूक्ष्मजीवशास्त्राने पुढे काही दशकांनी उलगडले. आटे असलेल्या झाकणाच्या बरणीचे पेटंट अमेरिकेत जॉन मेसन यांनी १८५८ मध्ये घेतले आणि ही पद्धत घरोघरी पोचली. इथे हयगय चालत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या मातीतल्या जीवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन्‌तास टिकतात आणि हवा नसलेल्या, कमी आम्ल असलेल्या बरणीत जिवावर बेतणारे विष तयार करतात. ४.६ पेक्षा कमी सामू (pH), म्हणजे पुरेसा आंबटपणा असेल, तर ते वाढत नाहीत. त्यामुळे ५ टक्के आम्लतेच्या व्हिनेगरातले लोणचे, मुरांबे आणि आम्ल घातलेला टोमॅटो यांच्या बरण्या उकळत्या पाण्यात प्रक्रिया करून ठेवता येतात. टोमॅटोचा सामू याच सीमारेषेवर असतो, म्हणून सुमारे ९५० मिलिलिटरच्या बरणीला २ मोठे चमचे बाटलीबंद लिंबूरस किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक आम्ल घालतात. घेवडा, वाटाणा, मका, गाजर हे आंबट न करता बरणीत भरायचे तर १०० अंशांच्या बरेच वर, सुमारे ११६ ते १२१° से. तापमान देणारे, याच कामासाठी बनवलेले दाबपात्र आणि तपासलेली वेळ हवी. ती सोय नसेल तर या भाज्या गोठवाव्यात किंवा वाळवाव्यात.

तेलात बुडवलेला लसूणही याच धोक्यात मोडतो. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे बाहेर ठेवलेल्या अशा लसणामुळे ३६ जणांना विषबाधा झाली. घरी केलेले लसूणतेल फ्रीजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावे. या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. फुगलेले झाकण, उघडताना उसळणारा फेस किंवा सैल झालेले सील दिसले तर चाखूनसुद्धा पाहू नये.

बियाणे. टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांचे परागीभवन मुख्यतः स्वतःच्याच फुलात होते, त्यामुळे संकरित नसलेल्या जातींचे बी घरी धरणे सोपे. टोमॅटोचा बुळबुळीत गर बियांसह २ ते ३ दिवस भांड्यात आंबू द्यावा, मग धुऊन सावलीत सुकवावे. बी सर्वांत निरोगी झाडाच्या उत्तम फळाचे धरावे. खाऊन उरलेल्या फळाचे धरणाऱ्यांची जात वर्षागणिक उतरते.

वेलवर्गीय भाज्यांचे बी धरताना विशेष दक्षता लागते. भोपळा आणि झुकिनी (काकडीसारखा दिसणारा कोवळा भोपळा) यांची फुले मधमाश्या फळवतात आणि जवळपासच्या रानटी किंवा शोभेच्या भोपळ्याशी संकर झाल्यास पुढच्या पिढीत कुकुर्बिटॅसिन हे कडू विष वाढू शकते. शिजवून ते जात नाही. जर्मनीत २०१५ मध्ये बागेतली कडू झुकिनी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला. म्हणून घरच्या बियांवर वाढलेल्या प्रत्येक वेलाच्या पहिल्या फळाचा लहानसा कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर लगेच थुंकावा आणि तो वेल मुळासकट उपटावा.