झोपायच्या खोलीत कार्पेट: आधी फरशी बघा, मग रंग

दुकानात आलं की बोलणं रंगापासूनच सुरू होतं. "भाऊ, मरून दाखवा, पडद्याले शोभला पाह्यजे." कापसाचे चुकारे हाती आले किंवा घरात लग्न ठरलं, की कार्पेटचा विषय निघतो. निघायलाही हवा, पौष महिन्यात पहाटे फरशीवर पाय टेकवत नाही. तरी रंगाच्या आधी आम्ही एक विचारतो: खोली खालची की माडीवरची?

माडीवर खाली स्लॅब असतो, ओल वर येत नाही. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट खुशाल टाका. तळमजल्याचं तसं नाही. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या घरांत जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतो, त्यामुळे शहाबादी फरशीच्या सांध्यांतून दमटपणा वर येत राहतो. वरून दिसत नाही एवढंच.

ओल ओळखायची रीत घरीच करता येते. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, फरशी पुसून कोरडी करा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उचला. आतून थेंब दिसले किंवा फरशी काळपट पडली असेल, तर त्या खोलीत पूर्ण कार्पेट नको. ही परीक्षा मे महिन्यात घेऊ नका. मेमध्ये आपल्याकडे सगळंच कोरडं असतं. नवा कोबा असेल तर इंचभर जाडीला सुकायला साधारण महिना धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. एका ऐन उन्हाळ्यात तळमजल्याच्या खोलीत कार्पेट बसवून दिलं, प्लास्टिक लावून पाहिलं नाही. गणपतीत घरच्या काकूंचा निरोप आला, "खोलीत कुबट वास येऊन राह्यला." कोपरा उचलला तर कार्पेटखाली अंथरलेलं नमदं, म्हणजे दाबून केलेला जाड थर, भिजून काळं पडलेलं, बुरशी हाताला लागत होती. चूक आमची होती, माल परत घेतला. तेव्हापासून मापाच्या पिशवीत टेपसोबत प्लास्टिकही असतं.

आता अंडरले, म्हणजे कार्पेटखालचा थर. "ते रबर-बिबर राहू द्या, त्याचे पैसे वरच्या मालात टाका," असं बरेच जण म्हणतात. आमचं मत उलटं आहे. पायाला मऊपणा निम्मा खालूनच येतो, चालण्याचा दाब तोच थर झेलतो, म्हणून वरचे धागे लवकर चेपत नाहीत. मध्यम कार्पेट आणि चांगला अंडरले ही जोडी, भारी कार्पेट आणि उघडी फरशी यापेक्षा जास्त टिकते. झोपायच्या खोलीत वर्दळ कमी, म्हणून ८ ते १० मिलिमीटरचा फोम पुरतो. जाडीवर भुलू नका. अंगठा आणि बोट यांच्यात तुकडा जोरात दाबा. बोटं एकमेकांना लागली की तो पोकळ समजा, आणि सोडल्यावर लगेच फुगून वर आला तर घ्या. फार जाड थरात पलंगाचे पाय रुततात. लोखंडी कपाट तर फरशीवरच उभं ठेवा, कार्पेट त्याच्या कडेपर्यंत आणा, नाहीतर कपाट कलतं आणि दार आपोआप उघडतं. तागाचं नमदं स्वस्त आहे, पण ओल शोषतं. कोरड्या माडीवर चालेल, कूलरच्या खोलीत नको.

कूलर हा आपल्याकडचा खरा प्रश्न. चार महिने खिडकीतून दमट हवा आणि बारीक तुषार आत येतात. खिडकीपासून तीन फूट जागा मोकळी सोडा, आणि अशा खोलीसाठी पॉलिप्रॉपिलिनचंच, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकच्या धाग्याचं कार्पेट घ्या, त्याचा धागा पाणी पीत नाही. लोकर उबदार आणि देखणी, पण जपावी लागते. लोकर म्हणून काय विकलं जातंय ते पाहायचं असेल तर एक धागा काढून दुकानाबाहेर काडी लावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. प्लास्टिकचा धागा वितळून कडक मणी होतो. आम्ही स्वतः जाळून दाखवतो.

वीण कापलेल्या धाग्याची घ्या, म्हणजे जिचे फासे वरून कापलेले असतात. फासे असलेली वीण दणकट असली तरी बायकांची जोडवी आणि पोरींचे पैंजण तिच्यात अडकतात, एक धागा निघाला की ओळच उसवते.

मापाबद्दल थोडं. आमच्याकडचा रोल १२ फूट रुंद असतो. खोली १० बाय १२ असेल तर १२० चौरस फूट बरोबर बसतं. ११ बाय १३ ला मात्र १५६ चौरस फूट कापावं लागतं, त्यातले १३ वाया. ती उरलेली पट्टी फेकू नका, पलंगाजवळ पायाखाली येते. दाराखालची फटही मोजा. कार्पेट आणि अंडरले मिळून दीड-पावणेदोन सेंटीमीटर होतात; दार घासणार असेल तर सुतार आधी बोलवा. कार्पेटच्या कडा धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या टाइल्सवर ठोकू देऊ नका, टाइल तडकते.

ज्या खोलीत कापूस भरता, तिथे कार्पेटचा विचार सोडा. तंतू आणि किडे धाग्यांत बसतात, आणि कापसाची खाज वर्षभर पुरते. तिथे आणि ओलीच्या खोलीत सतरंजी बरी, किंवा पलंगाच्या बाजूला चार बाय सहाचा गालिचा आणि खाली न घसरणारी रबरी जाळी. उचलून अंगणात झटकता येतो. उन्हात वाळवताना पालथा घाला, रंग उडत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कडा उचलून बघायच्याच, विंचवाला अशी जागा आवडते. उंबरठ्याबाहेर काथ्याचं जाड पायपुसणं हवं, शेतातला चिखल तिथेच थांबतो.

येताना खोलीचं माप, दाराखालची फट आणि कूलरची खिडकी कुठे आहे ते कागदावर काढून आणा. प्लास्टिकचा तुकडा लागला तर दुकानातून न्या, त्याचे पैसे नाहीत.