सायकलला बसवायचे इंजिन आतून कसे चालते?

साध्या सायकलला लहानसे पेट्रोल इंजिन बसवून ती रस्त्यावर पळवणाऱ्या हौशी तरुणांच्या चित्रफिती हल्ली मोबाइलवर सतत फिरत असतात आणि त्यांच्यासोबत एक विधानही हमखास फिरते : इंजिन ५० सीसीच्या आतले आहे, त्यामुळे ना लायसन्स लागते ना नंबरप्लेट. हे विधान चुकीचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाके असलेल्या वाहनाचे इंजिन २५ सीसीपेक्षा मोठे नसेल, तरच ते 'मोटार वाहन' या वर्गाबाहेर राहते. ५० सीसीचा आकडा त्याच कायद्यात चालकाच्या वयासंबंधी आलेला आहे; तेवढ्या क्षमतेपर्यंतची मोटारसायकल सोळाव्या वर्षापासून चालवता येते, पण लायसन्स घेऊनच. सायकलला इंजिन बसवण्याचे बाजारातले किट सहसा ४८ सीसीचे असते किंवा '८० सीसी' म्हणून विकले जाते. या दुसऱ्या किटमधील सिलिंडरचा व्यास बहुधा ४७ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ४० मिलिमीटर असते, त्यामुळे शाळेतले वृत्तचितीचे सूत्र वापरले तर उत्तर ६९ घन सेंटिमीटरच्या आसपास येते, ८० नव्हे. दोन्ही किटे २५ सीसीच्या कितीतरी पुढची आहेत आणि घरी जोडलेल्या अशा सायकलीला मान्यताप्राप्त मॉडेल नसल्यामुळे तिची नोंदणीही होत नाही.

कायद्याची बाजू अशी स्पष्ट असली तरी त्या इंजिनाकडे दुर्लक्ष करावे, असे मला अजिबात वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंधन आणि वाहने दोन्ही दुर्मीळ झालेल्या जपानमध्ये सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये लष्कराच्या बिनतारी संचांसाठी बनवलेली लहान जनित्र-इंजिने सायकलींना जोडली. पहिल्या नमुन्यात त्यांनी पेट्रोलची टाकी म्हणून चक्क शेकायची गरम पाण्याची बाटली वापरली होती. पुढे उभ्या राहिलेल्या प्रचंड उद्योगाची सुरुवात या जोडणीतून झाली. आपल्याकडेही १९७२ मध्ये आलेली 'लुना' ही पॅडल आणि ५० सीसीचे इंजिन एकत्र बाळगणारी गाडीच होती.

या सर्व यंत्रांमध्ये टू-स्ट्रोक इंजिन होते आणि आजच्या बहुतेक किटमध्येही तेच असते. शाळेत आपण शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन अशा चार टप्प्यांचे इंजिन शिकतो. त्यात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा, दोनदा फिरला की एकदा स्फोट होतो आणि वायूंची ये-जा झडपा सांभाळतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो आणि या साध्या रचनेत झडपा मुळीच नसतात. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट हे तीनच मुख्य हलते भाग असतात. मग वायूंना आत घेणे आणि बाहेर काढणे हे काम कोण करते? ते काम पिस्टनच करतो आणि तो आपल्या दोन्ही बाजू वापरून ते करतो.

पिस्टनच्या खालची जागा, म्हणजे क्रँककेस, या इंजिनात हवाबंद ठेवलेली असते. पिस्टन वर जाऊ लागला की खालची जागा वाढते, तिथला दाब उतरतो आणि पिस्टनच्या खालच्या कडेने सिलिंडरच्या भिंतीतले एक छिद्र उघडताच कार्बोरेटरमधून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण क्रँककेसमध्ये ओढले जाते. त्याच वेळी वरच्या बाजूला आधी आलेले मिश्रण दाबले जात असते. ठिणगी पडते, स्फोट होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. खाली येताना तो क्रँककेसमधले मिश्रण सायकलच्या पंपासारखे दाबतो. तळाजवळ पोहोचताना त्याची वरची कड प्रथम सायलेन्सरकडे जाणारे छिद्र उघडते आणि धूर सुसाटत बाहेर पडतो. त्यानंतर क्षणभरातच बाजूची छिद्रे उघडतात आणि खाली दाबून ठेवलेले ताजे मिश्रण वर उसळते. क्रँककेसला पंप करण्याची ही युक्ती इंग्लंडमधील बाथ शहराच्या जोसेफ डे यांनी १८८९ मध्ये योजली आणि फ्रेडरिक कॉक यांनी आत येणाऱ्या मिश्रणासाठीची झडपही काढून टाकून तेही काम पिस्टनच्या कडेवर सोपवले. यंत्रशास्त्रात इतक्या थोडक्या सामग्रीत इतके काम करून घेणारी दुसरी रचना मला तरी चटकन आठवत नाही.

मात्र या रचनेत एक मूलभूत अडचण आहे. ताजे मिश्रण आत येत असताना धुराचे छिद्र उघडेच असते, त्यामुळे बरेचसे न जळलेले पेट्रोल थेट सायलेन्सरमधून निघून जाऊ शकते. ही गळती रोखण्याचा सर्वांत सुंदर उपाय धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या आकारात आहे. धुराचे छिद्र उघडताच दाबाची एक लहर नळीतून ध्वनीच्या वेगाने धावते. तप्त धुरात हा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर असतो. नळी जिथे रुंद होत जाते तिथून कमी दाबाची लहर परतते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. नळी जिथे पुन्हा निमुळती होते तिथून जास्त दाबाची लहर परतते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण छिद्र बंद होण्याच्या ऐन वेळी परत आत लोटते. पूर्व जर्मनीतील 'एमझेड' या कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात शर्यतीच्या मोटारसायकलींसाठी हे तंत्र पूर्णत्वाला नेले.

सायकलच्या किटला अशी नळी का नसते, याचे उत्तर गणितात सापडते. इंजिन मिनिटाला ४,३५० फेऱ्या घेत असेल, तर एका फेरीला जेमतेम १३.८ मिलिसेकंद लागतात. धुराचे छिद्र ३६० पैकी सुमारे १५० अंश उघडे राहते असे धरल्यास लहरीला जाऊन परत येण्यासाठी ५.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात ती २.९ मीटरच्या आसपास अंतर कापते, म्हणजे तिला परत पाठवणारा निमुळता भाग सिलिंडरपासून सुमारे सव्वा ते दीड मीटर दूर हवा. शर्यतीच्या इंजिनाच्या फेऱ्या कितीतरी जास्त असल्यामुळे त्याची नळी तोकडी चालते. सायकलच्या सांगाड्यात मात्र एवढ्या लांबीची नळी सहज मावत नाही. म्हणून किटबरोबर साधा सायलेन्सर येतो आणि न जळलेले पेट्रोल वाया जात राहते. अशा सायकलीमागे येणारा तो ओळखीचा उग्र वास याच पेट्रोलाचा आणि त्यात मिसळलेल्या ऑइलचा असतो.

ऑइल मिसळावे लागते, कारण क्रँककेसमधून मिश्रण जात असल्यामुळे तिथे ऑइल साठवता येत नाही. १:२५ असे प्रमाण सांगितले असेल, तर एक लिटर पेट्रोलमध्ये ४० मिलिलिटर टू-टी ऑइल घालायचे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. मुंबईच्या पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी शिरले आणि ते एका मर्यादेपलीकडे वाढले, तर इथेनॉल व पाणी यांचा वेगळा थर तळाशी बसतो, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीचा नळ तळाशी असतो, त्यामुळे इंजिनाला आधी ऑइल नसलेला थर मिळतो आणि पिस्टन कोरड्या सिलिंडरवर घासू लागतो. हे टाळायला मिश्रण गरजेपुरतेच करावे आणि टाकी कोरडी ठेवावी, एवढे पुरते. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधल्यास मायलेज वाढते, अशा जाहिरातींवर मात्र एक रुपयाही खर्च करू नये. पेट्रोलच्या रेणूंवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो आणि त्याने ज्वलन सुधारत नाही.

आता जोडणीकडे वळू. इंजिन सांगाड्याच्या त्रिकोणात बसते आणि त्याची चेन मागच्या चाकाला जोडलेल्या ४४ दात्यांच्या चक्राला फिरवते. हे चक्र हबवर बसत नाही. रबराच्या चकत्यांमध्ये स्पोक पकडून नऊ बोल्टांनी ते थेट स्पोकांवर आवळले जाते. इंजिनातील गिअर ४.१ पट आणि १० व ४४ दात्यांची चेन ४.४ पट अशी फेऱ्यांची एकूण घट १८ पट होते. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर असतो, म्हणून ताशी ३० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला २४२ फेऱ्या घेते आणि इंजिन सुमारे ४,३५०. वर वापरलेला आकडा तिथूनच आला. त्यामुळे दर सेकंदाला सत्तरहून अधिक झटके त्या स्पोकांना सोसावे लागतात. बोल्ट कमी-जास्त आवळले गेले आणि चक्र किंचित वाकडे बसले, तर चेन उतरून स्पोकांत अडकते आणि मागचे चाक धावता धावता जाम होते.

ब्रेकची बाजू याहून गंभीर आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्वार, सायकल आणि इंजिन मिळून १०० किलो वस्तुमान धरले, तर ताशी १८ किलोमीटरला ती १,२५० ज्यूल आणि ताशी ३६ किलोमीटरला ५,००० ज्यूल होते. ही चौपट ऊर्जा रीमवर घासणाऱ्या त्याच रबराने शोषायची असते आणि रीम ओली असेल, तर घर्षण बरेच घटते. काळबादेवीच्या सायकल बाजारात मिळणारी किंवा डबेवाले वापरतात तशी दणकट सायकल ओझे पेलते यात शंका नाही, पण तिचे ब्रेक सुमारे १०० वॅट देणाऱ्या माणसाच्या वेगासाठी घडवलेले असतात. केम्प्स कॉर्नरकडे उतरणाऱ्या पेडर रोडवर, भर पावसात, पुढे बस थांबलेली असताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

म्हणून हे किट घ्यायचेच असेल, तर ते कार्यशाळेतल्या स्टँडवर बसवावे, उघडून पाहावे आणि छिद्रांच्या उंची मोजून ती किती अंश उघडी राहतात ते काढावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला याहून चांगले साधन क्वचितच मिळेल. रोज कामावर जायला मदत हवी असेल, तर नियमांनी वेगळी वाट ठेवली आहे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची विजेची मोटर, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी कमाल वेग आणि वजन वगैरेंच्या ठरलेल्या अटी पाळणारी मान्यताप्राप्त सायकल 'मोटार वाहन' ठरत नाही. दर २० मीटरला १ मीटर असा चढ ताशी १० किलोमीटरने चढायला त्याच १०० किलोंसाठी सुमारे १४० वॅट जादा लागतात, आणि तेवढे ती मोटर आरामात देते.